उडत्या क्रेनच्या वकिलांना

माहूरला आलेला पाहुणा आणखी काही नेवो न नेवो, रेणुकामातेचा तांबूल मात्र घेऊन जातो. गेल्या पावसाळ्यात आमचे एक स्नेही आले, तांबूल घेऊन गेले आणि जाताना माझ्या ओसरीवर एक वाद ठेवून गेले. तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, नांदेडला घर बांधून राहिलेले. बोलायला मोकळे, ऐकायला जरा कमी. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे अवजड कामासाठी हेलिकॉप्टरं घेतली ती चुकीची घेतली. पोट असलेली घेतली. हवी होती ती बिनपोटाची. नुसता पाठीचा कणा, वर पंखा, खाली हूक. उडती क्रेन. साठच्या दशकात ती अमेरिकेकडे होती, रशियाकडे होती. दोघांनी मोडीत काढली ती पैशांच्या कुरबुरीमुळे आणि कचेरीतल्या अकलेमुळे. आपण ती करावी. तोफा, डोझर, पूल उचलून थेट डोंगरावर ठेवावेत. आणि पूर, भूकंप आला की तीच यंत्रं मराठवाड्यात आणावीत.

"रस्ता करायला धा-धा वर्षं लावायलेत सर. हे एका दिवसात नेऊन ठेवतंय की," असं म्हणत त्यांनी रिकामा कप हवेत उचलला आणि माझ्या पुस्तकांच्या थप्पीवर अलगद उतरवला.

त्या दिवशी मी गप्प बसलो. समोर तोफांबरोबर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आणि मी जन्मभर भूगोल शिकवलेला. पण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. मोबाइलवर या यंत्राची चित्रफीत फिरत असते. ती पाहून आमच्या स्टँडवरच्या चहावाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना वाटतं, की एवढी सोपी गोष्ट सरकारला कळत कशी नाही. म्हणून उत्तर चारचौघांत देतो. सुभेदारसाहेबांनी राग मानू नये.

यंत्राचं कौतुक आधी करून टाकू, कारण ते खरोखर कौतुकाचं आहे. सिकोर्स्की कंपनीचं एस-64 हे हेलिकॉप्टर 9 मे 1962 रोजी पहिल्यांदा उडालं. अमेरिकी लष्कराने त्याला सीएच-54 हा क्रमांक आणि 'तार्हे' हे नाव दिलं. तार्हे हा वायंडॉट जमातीचा सरदार. त्याला लोक 'क्रेन' म्हणत, म्हणजे करकोचा. इंग्रजीत पक्षी आणि यंत्र दोघांना एकच शब्द असल्यामुळे हे बारसं जमून गेलं. दिसायला मात्र तो करकोचा नाही, पोट कापून काढलेला चतुर आहे. पुढे एक काचेची खोली, मागे लांब शेपूट, मधे काही नाही. त्या खोलीत मागे तोंड करून बसणाऱ्या एका वैमानिकाची खास जागा, त्याच्या हाताशी उड्डाणाच्या दांड्या. भार लावताना आणि उतरवताना तो खाली बघत यंत्र स्वतः धरतो. ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. व्हिएतनाममध्ये या यंत्रांनी तोफा नेल्या, बुलडोझर नेले आणि पडलेली तीनशेहून अधिक विमानं नि हेलिकॉप्टरं उचलून परत आणली. टोरंटोच्या सीएन टॉवरच्या माथ्यावरचा अँटेनाही 1975 मध्ये याच जातीच्या यंत्राने चढवला.

पण तो अँटेना एकसंध चढवला नव्हता. तुकडे करून, एकेक तुकडा वर नेऊन, माणसांनी तिथे बोल्ट आवळून जोडला होता. माझा सगळा वाद या एवढ्याशा गोष्टीत आहे. क्रेन आकाशात नेली तरी आधी भार फोडावाच लागला. आणि भार फोडता येत असेल, तर त्यासाठी पोट नसलेलं यंत्रच हवं असं काही उरत नाही.

आता 'मोडीत काढली' या आरोपाकडे. अमेरिकी लष्कराने ही शंभराच्या आसपास घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेवटची निरोप देऊन मोकळी केली. याच्याहून मोठी उडती क्रेन बोइंगकडे बांधायला दिली होती; ती 1970 च्या दशकाच्या मध्यात, एकदाही न उडता, गुंडाळली. तिकडे सोव्हिएत संघात मिखाईल मिल यांच्या कार्यालयाने एमआय-10 केलं होतं. उंच पायांचं, ज्याच्या पोटाखाली आख्खं सामान उभं राहील असं. तेही थोडकीच बनवून थांबले. आणि त्यानंतर त्याच कार्यालयाने जगातलं सर्वांत मोठं वापरातलं हेलिकॉप्टर केलं, एमआय-26, तेव्हा त्याला काय दिलं? पोट दिलं. मागून उघडणारं, ट्रक आत चालत जाईल एवढं पोट, आणि शिवाय बाहेर हूक. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन महासत्ता वेगवेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचल्या. दोन्हीकडचे कारकून एकाच वेळी बेअक्कल निघाले असं मानायचं असेल तर मानावं. मला ते जड जातं.

त्या दोघांना काय कळलं ते आकड्यांत दिसतं. उडत्या क्रेनचं मूळ गणित असं, की पोटाचं वजन वाचवा, तेवढा भार जास्त उचला. सीएच-54 च्या पहिल्या आवृत्तीचं रिकामं वजन नऊ टनांच्या आसपास, भरून जास्तीत जास्त एकोणीस. आता आपल्या हवाई दलाकडे असलेलं चिनूक घ्या. रिकामं अकराच्या आसपास, भरून पावणेतेवीस. म्हणजे पोट बाळगूनही चिनूक साधारण स्वतःच्या वजनाएवढंच, किंबहुना थोडं जास्तच, उचलतं. इंजिनं दोघांनाही दोन, आणि ताकदीत चिनूक थोडं पुढे असलं तरी फार नाही. जे वजन वाचवण्यासाठी पोट कापलं, ते पुढच्या वीस वर्षांत इंजिनांनी आणि पात्यांनी भरून काढलं. उरलं काय? पावसात भिजणारा, वाऱ्यात हेलकावणारा भार.

अमेरिकेलाही हे लवकरच बोचलं असावं. कारण त्यांनी तार्हेसाठी एक पेटी बनवली होती, खाली अडकवायची. तिच्यात पंचेचाळीस सैनिक बसत, किंवा शस्त्रक्रियेची खोली थाटता येत असे. म्हणजे पोट आधी कापून वेगळं केलं आणि मग गरज पडली तेव्हा परत बांधलं. आमच्याकडे याला द्राविडी प्राणायाम म्हणतात.

चिनूकची रचना आमच्या माहूरकराला तर समजावून सांगायलाच नको. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात जमदग्नींचा देह आणि दुसऱ्यात रेणुकामाता घेऊन कोरी भूमी शोधत रानं तुडवली आणि तो इथे येऊन थांबला, ही कथा इथलं पोर दुधाच्या दातांनी ऐकतं. चिनूक ही उलटी टांगलेली कावड आहे. पुढे एक पंखा, मागे एक पंखा, मधे भार. एका पंख्याच्या हेलिकॉप्टरला भार अगदी मधोमध लागतो; इथे तो पुढे-मागे झाला तरी सावरता येतो. शेपटाकडचा छोटा पंखा नसल्यामुळे इंजिनाची ताकद नुसतं सरळ राहण्यात खर्च होत नाही. खाली एक नाही, तीन हूक आहेत. लांबोडका भार पुढच्या-मागच्या दोन हुकांना बांधला की तो गरगरत नाही.

सुभेदारसाहेब तोफखान्यातले, म्हणून तोफेचंच उदाहरण देतो. 9 नोव्हेंबर 2018 रोजी नाशिकजवळ देवळालीला एम-777 ही तोफ सैन्यात दाखल झाली. अशा 145 तोफांचा करार अमेरिकेशी झाला होता. ही 155 मिलिमीटरची, म्हणजे बोफोर्सच्याच तोंडाची. बोफोर्सचं वजन अकरा-बारा टन, हिचं सव्वाचार. एवढा फरक कुठून आला? टायटॅनियम वापरलं, सांगाडा बदलला, स्वतः रांगायला बोफोर्सला जे इंजिन दिलं होतं ते काढलं. म्हणजे तोफ उचलायची म्हणून कोणी हेलिकॉप्टर तिप्पट केलं नाही. हेलिकॉप्टर आहे तेवढंच ठेवून तोफ एकतृतीयांश केली. आज ती चिनूकखाली लटकून अरुणाचलाच्या डोंगरांत जाते आणि तिचे गोलंदाज नि दारूगोळा त्याच हेलिकॉप्टरच्या पोटात बसून जातात. उडत्या क्रेनने तोफ एका फेरीत नेली असती आणि माणसं दुसऱ्या यंत्रात. पोचल्यावर तोफ माणसांची वाट बघत बसली असती.

ही अक्कल नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सरहद्दीवरच्या डोंगरांसाठी 'स्क्रू गन' केली. नळी दोन तुकड्यांत, वर जाऊन आटे फिरवून जोडायची. एकेक तुकडा एकेका खेचराच्या पाठीवर. खेचर मोठं करण्याचा विचार कोणाच्या मनात आल्याची नोंद नाही.

आणि माहूरला राहणाऱ्या माणसाने तर या विषयात इतिहास विसरूच नये. 1623 मध्ये बापाविरुद्ध उठलेला शाहजादा खुर्रम, पुढचा शाहजहान, पराभव घेऊन दक्षिणेत आला. बुऱ्हाणपूर सोडलं, तापी ओलांडली, पाठीवर बादशाही फौज. गोवळकोंड्याकडे निसटायचं होतं. तेव्हा त्याने हत्ती आणि अवजड सामान माहूरच्या किल्ल्यात उदाराम देशमुखांच्या हवाली केलं आणि हलका होऊन पुढे गेला. ज्याच्या नावावर पुढे ताजमहालाचे संगमरवरी चिरे लागले, त्यालाही जीव वाचवायच्या वेळी ओझं टाकावं लागलं, आणि ते टाकायला आमचा गड मिळाला.

त्याच देशमुख घराण्यातली रायबागन. मोगलांची मानकरी, लढवय्यी बाई. फेब्रुवारी 1661 मध्ये शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणावर पाठवलं, तेव्हा ती त्या फौजेत होती. तोफा, दारूगोळा, सामानसुमान, हजारोंची फौज, सगळं लवाजम्यासह कुरवंड्याच्या घाटाने उतरलं आणि खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत येऊन अडकलं. दोन्ही बाजूंना जंगल, पुढे शिवाजी महाराज, मागे मराठे. पाणी नाही, वळायला जागा नाही. जेवढं सामान जास्त तेवढी गाठ घट्ट. शेवटी रायबागनने खानाला समजावलं, की शरण जा. खंडणी भरून, सामान तिथेच सोडून फौज जिवानिशी परतली. मोगलांना ताकद कमी पडली नव्हती. त्यांच्याजवळ ताकद होती म्हणूनच त्यांनी एवढं सामान घाटात घातलं. उचलण्याची सोय हाताशी असली की माणूस काय उचलायचं याचा विचार सोडतो, असं मला ही लढाई वाचताना दर वेळी वाटतं.

"हा झाला इतिहास, आताचं बोला," असं सुभेदारसाहेब म्हणतील. बोलतो. 30 जुलै 2024 च्या पहाटे केरळात वायनाडला डोंगर खचला. चूरलमळा आणि मुंडक्कई यांच्यामधला पूल वाहून गेला आणि पलीकडे माणसं अडकली. तिथे लष्कराच्या मद्रास सॅपर्सनी 190 फुटांचा बेली पूल टाकला. दोन दिवसांच्या आत, पावसात, 24 टनांचं वाहन जाईल असा. त्या पथकाच्या पुढे होत्या मेजर सीता शेळके, आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याच्या. पुलाचे भाग विमानाने कण्णूरला आले आणि तिथून ट्रकांनी घटनास्थळी.

बेली पुलाची गंमत अशी, की डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धात तो आखला तो क्रेन नसेल असं धरूनच. त्याचा मुख्य लोखंडी चौकटीचा भाग दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन 260 किलोंच्या आसपास. का? कारण सहा माणसं तेवढं उचलू शकतात. सगळा पूल सहा माणसांच्या खांद्याच्या मापाने कापलेला आहे. खीळ घालायची, पुढचा भाग लावायचा, रुळांवरून पुढे ढकलायचं. वायनाडचा पूल झाला आणि मग जेसीबी, रुग्णवाहिका, ट्रक आपल्या चाकांवर पलीकडे गेले. एकदा नाही, दिवसभर, रात्रभर. उडत्या क्रेनने तिथे एक जेसीबी पलीकडे ठेवला असता. फार तर दोन. मग डिझेल. मग तो बिघडला की त्याचा मेकॅनिक.

त्याच्या आदल्या वर्षीचं सिलक्यारा आठवा. 12 नोव्हेंबर 2023 ला उत्तराखंडात बोगदा कोसळला, 41 मजूर आत. आडवं छिद्र पाडणारं अवजड यंत्र दिल्लीहून आणायचं होतं. ते तुकड्यांत हवाई दलाच्या हर्क्युलस विमानांनी चिन्यालीसौडला आणलं, तिथून रस्त्याने बोगद्यापाशी. तेही शेवटी लोखंडात अडकून मोडलं. मग अखेरचे काही मीटर उंदरांच्या बिळासारखे बोगदे खोदणाऱ्या कामगारांनी हाताने, घमेल्याने, मोकळे केले. 28 तारखेला सगळे बाहेर आले. त्यांना ऋषिकेशच्या रुग्णालयात नेलं ते चिनूकने, पोटात बसवून. हुकाला माणसं लटकवत नाहीत.

आता मराठवाडा. सुभेदारसाहेबांच्या बोलण्यातला हा भाग मला सर्वांत जास्त लागला, कारण त्यात माया होती. पण मायेनेही हिशेब सुटत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीचा भूकंप. सरकारी नोंदीत 7,928 माणसं गेली. कशाखाली गेली? मातीत बसवलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं धाबं, यांच्याखाली. लष्कर आलं, गावोगावची माणसं आली, आणि ढिगारा उपसला तो टिकाव, फावडी, हात यांनी. एकेक दगड दोन माणसांच्या उचलीचा, पण सगळे मिळून डोंगर. त्यात हूक अडकवायचा कुठे? क्रेनला पकडायला एक वस्तू लागते. किल्लारीत वस्तू उरली नव्हती.

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीचं पाणी रावणगाव, हसनाळ या गावांत घुसलं. तिथे लागल्या त्या बोटी, दोर, पोहणारी माणसं. छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडी बोलवावी लागली. पुढच्या महिन्यात धाराशिवच्या परंडा भागात हेलिकॉप्टरं आली ती माणसं छपरावरून उचलायला. त्यातलं कुठलं काम उडत्या क्रेनचं होतं?

शिवाय या यंत्राचा वारा. पंधरा-वीस टनांचं धूड हवेत धरायचं म्हणजे तेवढी हवा सतत खाली फेकायची. चिनूकसुद्धा खाली आलं की पत्रे उडतात, आणि आमच्या अर्ध्या गावांचं छप्पर म्हणजे पत्रा नि त्यावर ठेवलेले दगड. हूक लावणाऱ्या जवानाने त्या वावटळीत उभं राहायचं असतं. पंख्याच्या घर्षणाने यंत्रात वीज साठते, म्हणून आधी दांडा लावून ती जमिनीत उतरवायची, मग हूक धरायचा, नाहीतर झटका बसून माणूस आडवा. हे काम शिकवलेली माणसं लागतात. ती पूरग्रस्त गावात आधीपासून बसलेली नसतात.

आणि ऊन. भूगोलाच्या मास्तराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हवा तापली की विरळ होते आणि पंख्याला धरायला कमी हवा मिळते. मे महिन्यात नांदेडला बेचाळीस अंशांत हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सुमारे 12 टक्क्यांनी कमी भरते. लेहच्या विमानतळावर, सव्वातीन हजार मीटरवर, उन्हाळ्याच्या साध्या दिवशी ती जवळजवळ एकतृतीयांशाने कमी असते. कागदावर 'वीस टन' लिहिलेलं एमआय-26 तिथे वीस टन उचलत नाही. चित्रफितीत दिसते ती समुद्रसपाटीची, थंड देशातली उचल. आपली लढाई व्हायची ती त्या उंचीवर.

लटकत्या भाराचं आणखी एक दुखणं आहे, ते म्हणजे तो सोडून द्यावा लागतो. 31 ऑगस्ट 2024 रोजी केदारनाथजवळ हवाई दलाचं एमआय-17 एक बिघडलेलं खासगी हेलिकॉप्टर खाली लटकवून नेत होतं. वजन आणि वारा यांनी ते झुलू लागलं, आणि वैमानिकाने योग्य तेच केलं, दरीत टाकून दिलं. कोणाला इजा झाली नाही. पण पोटातलं सामान झुलत नाही, आणि लटकता भार असला की वेग बऱ्याचदा निम्म्यावर येतो. शांततेत हे चालतं. जिथे डोंगराआडून कोणीतरी नेम धरून बसलंय, तिथे हळू जाणारं, वाकडं वळू न शकणारं यंत्र म्हणजे काय, हे तोफखान्यातल्या माणसाला मी काय सांगावं.

एक गोष्ट मान्य करतो, आणि अर्धवट करत नाही. न फुटणारा भार असतो. डोझरचं धड, रोहित्र, पडलेलं हेलिकॉप्टर, रडारची तबकडी. उत्तराखंडात मुन्स्यारीहून मिलमकडे जाणारा रस्ता सीमा रस्ते संघटना करत होती. मधल्या खडकांमुळे काम दोन्ही टोकांनी करायचं तर पलीकडे यंत्रं हवीत. 2019 मध्ये ती हवेतून न्यायचे प्रयत्न वारंवार फसले. 2020 मध्ये ती पलीकडच्या लास्पाला उतरली. केदारनाथच्या पुनर्बांधणीतही एमआय-26 ने अवजड यंत्रं वर नेली. ही खरी कामं आहेत. पण बघा, ती केली कोणी? पोट असलेल्या यंत्रांनी. 2002 मध्ये अफगाणिस्तानात पडलेलं अमेरिकेचं चिनूक उचलायला भाड्याने आणलं तेही रशियन एमआय-26. आणि मिलमला ती यंत्रं कशासाठी गेली? रस्ता करायला. 'रस्त्याला दहा वर्षं लागतात म्हणून हेलिकॉप्टर' हे वाक्य तिथे उलटं उभं राहतं.

उडती क्रेन जगातून गेलेली नाही हेही सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल मास्तराने लपवलं. एरिक्सन या अमेरिकी कंपनीने 1992 मध्ये तिचे हक्क घेतले. आज ती वणवे विझवते, डोंगरातून ओंडके काढते. ऑस्ट्रेलियात तर 'एल्व्हिस' नावाची एक क्रेन लोकांच्या लाडाची झाली. तिथे ती शोभते, कारण ओंडका फोडला तर त्याची किंमत जाते, पाणी वाटेत सांडायचंच असतं, तळ जवळ असतो आणि खालून कोणी गोळी झाडत नाही. सैन्याचं ओझं असं नसतं. ते पीठ, केरोसीन, गोळे, तंबू, बॅटऱ्या, जखमी माणूस असं असतं. शेकडो टन, पण प्रत्येक नग एका माणसाच्या पाठीचा.

थोड्या संख्येच्या ताफ्याची गोष्ट तर आपण भोगलेली आहे. एमआय-26 आपल्याकडे 1986 पासून आली, चंडीगडच्या 126 हेलिकॉप्टर युनिटमध्ये, एकूण चार. डिसेंबर 2010 मध्ये एक जम्मूला कोसळलं. उरलेल्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी रशियाकडे डोळे लावून बसावं लागलं. एवढं अजस्र यंत्र, पण ताफा चारचा, म्हणून एक दुरुस्तीला आणि एकाला भाग नाही, की दोनच उरली. मग पंधरा चिनूक घेतली, आणि त्यांतली पहिली 25 मार्च 2019 रोजी दाखल झाली ती त्याच युनिटमध्ये. ती सैनिक नेतात, तोफ नेतात, जखमी आणतात, पुरात धान्य टाकतात. म्हणून ती रोज उडतात, म्हणून त्यांच्या मेकॅनिकांचे हात बसलेले राहतात. वर्षातून दहा वेळा लागणाऱ्या पाच उडत्या क्रेन घेतल्या, तर अकराव्या वेळी त्या चालू होतील याची हमी सुभेदारसाहेब देतील काय?

शेवटचा हिशेब इंधनाचा. तो मी ढोबळ मांडतो. चुकला तर दुरुस्त करावा. चिनूकला ताशी टनाहून अधिक इंधन लागतं, एमआय-26 ला तीन टनांच्या आसपास. साठ किलोमीटरवरच्या ठाण्यावर सात टन सामान चिनूकखाली लटकवून न्यायचं, रिकामं परत यायचं, हूक लावणं-सोडणं धरून तासभर. म्हणजे टनामागे पावणेदोनशे किलो इंधन. तेच सात टन नेणारा ट्रक घाटात लिटरला तीन किलोमीटर गेला तरी येऊन-जाऊन चाळीस लिटर डिझेल जाळतो. टनामागे पाच किलो. पस्तीस पटींचा फरक. आणि ते हेलिकॉप्टरचं इंधन पुढच्या तळावर कोण पोचवतं? ट्रक. रस्त्याने.

पैनगंगेला मोठा पूर आला की धनोड्याच्या पुलावरची वाहतूक थांबते आणि माहूरचं विदर्भाशी बोलणं बंद होतं. बाळंतपणाची बाई अलीकडे, दवाखाना पलीकडे, असं इथे होतं. त्या दिवशी आकाशाकडे बघून कोणालाही वाटेल, की यावं एखादं यंत्र. मलाही वाटतं. पण मला जिल्ह्याच्या गोदामात दोन बेली पुलांचे संच, वीस चांगल्या बोटी आणि त्या चालवणारी आमच्याच कोळी-भोई घरांतली पन्नास पगारी पोरं दिली, तर सुभेदारसाहेबांची उडती क्रेन मी नांदेडच्या विमानतळावर आनंदाने रांगोळी काढून उतरवून घेईन, आणि तिथेच ठेवीन.

त्यांनी उत्तर जरूर लिहावं. पुढच्या खेपेला तांबूल माझ्याकडून. फक्त त्या उत्तरात टनामागे किती किलो इंधन, किती उंचीवर आणि किती अंशांत, हे तीन आकडे असावेत. कप-बशी नको.